पिवळा चिमटा

आमच्या क्लबात सहा खोटारडे आहेत. पाचांचे रिमोट मी माझ्या हातांनी उघडलेत, आणि सहावा मी. त्यामुळे आकडा पक्का धरा.

क्लब म्हणजे काय, तर आमच्या कोलोनिया ब्रोस्सा गावाच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, धान्याच्या कोठारांमागे वळणावळणाची एक सिमेंटची पट्टी. दर रविवारी तिच्यावर पोटं सुटलेली माणसं हातभर लांबीच्या गाड्या पळवतात. रिमोटवरच्या. गाड्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या. तेव्हा बापाने घेऊन दिल्या नाहीत म्हणून आता टक्कल पडल्यावर घेतलेल्या. आमचा अध्यक्ष नोर्बेर्तो गाय्यार्दो गावात ट्रॅक्टर विकतो आणि जिथे जाईल तिथे नियम करतो. जुन्या गाड्यांच्या चषकाचा नियम त्यानेच लिहिला: गाडी जुनी पाहिजे आणि तिचा रेडिओही तिच्याच वयाचा पाहिजे. खाली सही, नियमापेक्षा मोठी.

आता त्या वयाच्या रेडिओची गंमत अशी, की त्याला सहाच वाटा. तपकिरी, लाल, केशरी, पिवळी, हिरवी, निळी. रिमोटमध्ये नखाएवढा क्रिस्टल खोचायचा. ज्या रंगाचा क्रिस्टल, ती तुमची वाट. दोघांनी एकाच रंगाचा खोचला की दोन्ही गाड्या पिसाळतात. म्हणून क्लबात एक फळा आहे. त्यावर सहा खिळे, खिळ्यांना कपडे वाळत घालायचे सहा रंगीत चिमटे आणि प्रत्येक चिमट्यात त्या रंगाचा क्रिस्टल. चिमटा घ्यायचा, अँटेनेला लावायचा, क्रिस्टल खोचायचा, मग गाडी. शर्यत संपली की क्रिस्टल काढून चिमट्यासकट फळ्यावर परत.

ही पद्धत मास्तरांची. मास्तर म्हणजे ओविदिओ सानाब्रिया, वय चौऱ्याहत्तर, रेल्वेत अडतीस वर्षं सिग्नलवर. आमच्याकडे रेल्वे होती तेव्हा एकेरी रूळ होता. मास्तर ड्रायव्हरच्या हातात एक लोखंडी दांडा देत. त्या टप्प्याचा जगात एकच दांडा. तो हातात असेल तरच गाडी पुढे घालायची, नसेल तर तिथेच उभं राहायचं, मग मागे मंत्री बसलेला का असेना. अडतीस वर्षांत समोरासमोर दोन गाड्या आल्या नाहीत. रेल्वे बंद झाली तेव्हा मास्तरांनी दांडे जमा केले, पावती घेतली आणि घरी आले. क्लबाचा फळा त्यांनी बनवला. पिवळा चिमटा त्यांचा. पट्टीचं सिमेंटसुद्धा अर्धंअधिक त्यांनी कालवलेलं आहे, आणि ते कालवलं जात असताना नोर्बेर्तो छत्रीखाली बसून नकाशा धरून होता.

मी एलियास यापुर. आजोबा सिरियाहून आले म्हणून सगळं गाव मला तुर्को म्हणतं. सिरिया आणि तुर्कस्तान वेगळे हे सांगायचं मी केव्हाच सोडलं. धुलाईयंत्रं, पंखे, टीव्ही दुरुस्त करतो. आणि रेडिओ.

भानगड ट्रकवाल्यांनी सुरू केली. मार्चमध्ये सोयाबीन निघालं की कोठारांसमोर ट्रकांची रांग लागते. ड्रायव्हर दोन-दोन दिवस बसून असतात आणि केबिनमधल्या रेडिओवर एकमेकांना शिव्या घालून वेळ काढतात. त्यांचे रेडिओ आमच्या सहा वाटांच्याच शेजारी बोलतात, आणि कित्येकांनी त्यांची ताकद चोरून वाढवलेली असते. त्यांनी बटण दाबलं, की आमच्या गाड्या थयथयाट करायच्या. एक शर्यत धड होईना.

मग एके दिवशी, दुपारी तीन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना, माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. दातांचा डॉक्टर बेत्तियोल. काखेत बुटांचं खोकं, खोक्यात गाडी.

"तुर्को, नवा रेडिओ बसवता येतो ना? बाहेरून कळणार नाही असा?"

येतो. का नाही येणार? जुन्या रिमोटचं पोट रिकामं करायचं आणि आत आजच्या रेडिओचा तुकडा बसवायचा. तो स्वतःच स्वतःची वाट शोधतो, ट्रकवाल्याने बोंब मारली तरी त्याला ऐकू जात नाही. गाडीत काड्यापेटीएवढा नवा रिसीव्हर, त्याच्यावर जुना रिसीव्हर नुसता शोभेला. लांब अँटेना शोभेला. क्रिस्टलची खाच शोभेला.

"एकच लक्षात ठेवा," मी म्हणालो. "शर्यत संपली की आधी बटण बंद करायचं, मग क्रिस्टल काढायचा. क्रिस्टल काढला आणि बटण चालू राहिलं, तर गाडी तशीच चालेल. सगळ्यांसमोर."

"बाहेर कळलं ना तुर्को, तर तुझ्या तोंडात एक दाढ ठेवणार नाही मी."

पुढच्या आठवड्यात खाटीक पोचो आला. त्याने कागदात गुंडाळून चांगला दोन किलोचा तुकडा आणला आणि गाडी मांसाच्या खाली लपवलेली. मग शाळेचा हिशेबनीस, मग त्याचा मेव्हणा. प्रत्येक जण दुपारी तीनला. प्रत्येक जण मागच्या दाराने. प्रत्येकाला वाटे, गावात मीच एक लबाड, बाकीचे बिचारे भोळे. पाचवा आला नोर्बेर्तो. खताच्या पोत्यात गाडी.

"तुर्को, माझ्या कानावर आलंय की असा गैरप्रकार करता येतो."

"कोणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही. अध्यक्ष म्हणून मला समजून घेतलं पाहिजे. माझ्या गाडीवर करून दाखव."

करून दाखवला. परत काढून टाकू का विचारलं, तर म्हणाला, "राहू दे, आणखी अभ्यास करतो."

कोणाला सांगणार नाही, असा शब्द मी पाचांनाही दिला. ती पाच गिऱ्हाइकं म्हणजे गावातली निम्मी धुलाईयंत्रं. शब्द देताना मला फार नीतिमान वाटलं, हेही लिहून टाकतो.

यानंतरचे रविवार बघण्यासारखे होते. पाच मोठी माणसं रांगेत उभी राहून मास्तरांच्या हातून चिमटे घेतात, नसलेल्या वाटेचे क्रिस्टल नसलेल्या कामासाठी खोचतात. मास्तर एकेकाला गंभीरपणे म्हणतात, "हिरवा, तुमचा टप्पा मोकळा आहे." आणि हिरवा खाली मान घालून म्हणतो, "आभारी आहे मास्तर." शर्यत सुरू होते. ट्रकवाला तिकडे कोणाची तरी आई-बहीण काढतो, आणि पट्टीवर सहांपैकी एकच गाडी पिसाळते. पिवळी.

डोकं असलेल्या कोणालाही यातून एकच गोष्ट कळली असती. पण डोकं वापरायचं तर आधी आपली लबाडी आठवायला लागते. त्यामुळे सर्वानुमते ठरलं, की मास्तरांचा हात गेला.

"म्हातारबाला आता जमत नाही," बेत्तियोल म्हणायचा. "मी डॉक्टर आहे, मला कळतं. बोटं बघा ना."

"दातांचा डॉक्टर आहेस," पोचो म्हणायचा. "बोटं तुला लोकांनी चावताना तेवढी दिसतात."

पण हसून झाल्यावर पोचोही मान हलवायचा. त्याला बिचाऱ्याला वाटायचं की आपलीच गाडी संशय येण्याइतकी नीट चालते, म्हणून तो अधूनमधून मुद्दाम झटके द्यायचा. इतके वाईट झटके, की एकदा मास्तर म्हणाले, "निळा, तुम्हाला उचकी लागली आहे का?"

असे चार महिने गेले. सोयाबीन झालं, मका आला, ट्रक तसेच. मग जुलैत एका रविवारी पिवळी गाडी वळण सोडून सरळ निघाली ती सॉसेज भाजायच्या शेगडीच्या पायावर आदळली. शेगडी कलंडली. निखारे नोर्बेर्तोच्या कापडी खुर्चीत. खुर्चीत त्या वेळी नोर्बेर्तो नव्हता, ही एकच वाईट गोष्ट झाली.

तिथल्या तिथे समितीची बैठक. समिती म्हणजे तेच पाच जण. निर्णय: मास्तरांना पुढचा रविवार शेवटचा. गाडी पुन्हा हाताबाहेर गेली, तर त्यांनी पट्टीवर उतरायचं नाही आणि फळाही सोडायचा. फळा बेत्तियोल बघेल.

"सुरक्षिततेचा प्रश्न आहे मास्तर," नोर्बेर्तो म्हणाला. "तुम्हीच तर आम्हाला हे शिकवलंत."

 मास्तरांनी पिवळा चिमटा फळ्यावर लावला, सहाही मोजले आणि गेले.

बुधवारी ते माझ्याकडे आले. सकाळी दहाला, समोरच्या दाराने, गाडी आणि रिमोट उघडपणे हातात धरून. दुकानात दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत थांबले.

"तुर्को, हा रेडिओ बघ. पूर्ण."

बघितला. चाळीस मिनिटं लावून बघितला. पस्तीस वर्षांचा रेडिओ, पण आत धुळीचा कण नाही. प्रत्येक तार दोऱ्याने बांधलेली. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसाच्या तसा.

"रेडिओत काही नाही, मास्तर."

"म्हणजे मी."

मी पेचकस पुसत बसलो.

"खरं सांग. बाकीच्या पाच गाड्या त्याच हवेत पळतात. तेच ट्रक, तीच वेळ. त्यांना काही होत नाही. रेडिओ ठीक आहे म्हणतोस. मग उरतं काय? हात माझा गेला का?"

हीच ती वेळ होती. एक वाक्य. मास्तर, ते पाचही चोर आहेत. एवढं बोलायला तीन सेकंद लागतात. मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणालो, "वय झालं की थोडंफार होतंच, मास्तर."

त्यांनी उजवा हात काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसे.

"नवा रेडिओ बसवून देऊ?" मी म्हणालो. "आतून. कोणाला कळणार नाही. हाताचं काम सोपं होतं."

"दांड्याशिवाय टप्प्यात शिर म्हणतोस मला?"

"मास्तर, ही खेळण्यातली गाडी आहे."

"दांडाही लोखंडाचाच तुकडा होता." ते उठले. "तेल-पाणी कर, ब्रश बदल. रविवारी सकाळी नेतो."

आणि ते गेल्यावर मी ते काम केलं जे मी आयुष्यात सगळ्यात सुबक केलं आहे. त्यांची परवानगी न घेता नवा रेडिओ बसवला. जुना काढलेला रेडिओ फडक्यात गुंडाळून खणात ठेवला. दोऱ्याच्या गाठीसुद्धा त्यांच्यासारख्या मारल्या. खरं सांगायला घाबरलो, म्हणून उपकार करायला निघालो. असे उपकार मी पुष्कळ पाहिलेत; आपल्या भित्रेपणाला झाकायला माणसाला नेहमी दुसऱ्याचंच भलं सापडतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगू शकलो नाही. आधी बटण बंद करायचं, मग क्रिस्टल काढायचा. कसं सांगणार?

रविवारी ट्रकांची रांग पार पेट्रोलपंपापर्यंत होती. मास्तरांनी चिमटे वाटले. पिवळा शेवटी स्वतः घेतला. झेंडा पडला आणि पिवळी गाडी निघाली, आणि पहिल्याच वळणावर मला कळलं की हा माणूस चालवतो कसा. पाचही जण सरळ पट्टीवर जोर लावणारे, वळणावर देवाच्या हवाली. मास्तर वळणाच्या आधी वेग सोडत, आत घुसत आणि बाहेर पडताना असे निघत की मागच्याला फक्त धूळ. चार महिने हे कोणी बघितलंच नव्हतं. ट्रकवाले ओरडत होते. पिवळी गाडी वीस फेऱ्यांत एकदाही थरथरली नाही. नोर्बेर्तो दुसरा आला, अर्धी फेरी मागे.

पोचोने मास्तरांना उचललं. अक्षरशः उचललं. "म्हातारबा, काय खाल्लंत आज!" मास्तर हसत होते. त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. त्यांनी गाडी टेबलावर ठेवली आणि सवयीप्रमाणे सगळ्यात आधी क्रिस्टल काढला. खऱ्या रेडिओत क्रिस्टल निघाला की गोष्ट संपली. बटणाची घाई कशाला? अडतीस वर्षं त्यांनी आधी दांडा परत घेतला आहे, बाकी सगळं नंतर. क्रिस्टल डाव्या तळव्यात, रिमोट उजव्या हातात, आणि पोचोने पाठीत प्रेमाने एक दणका घातला. बोटाने वेगाचा खटका दाबला गेला.

टेबलावर पिवळ्या गाडीची चाकं फिरली.

मास्तरांनी तळव्यातल्या क्रिस्टलकडे बघितलं. पुन्हा खटका दाबला. चाकं पुन्हा फिरली.

  याचा अर्थ काय, हे त्या पाचांना जेवढं कळत होतं तेवढं जगात कोणाला कळत नसेल.

"गाडी टप्प्यात आहे," मास्तर सावकाश म्हणाले, "आणि दांडा माझ्या हातात."

नोर्बेर्तो सगळ्यात आधी सावरला. अध्यक्ष उगाच होत नाही कोणी. "मास्तर! नवा रेडिओ? तुम्ही?"

"तसंच दिसतंय."

"ज्या माणसाने आम्हाला नियम शिकवले, त्याने! मला बोलवत नाही." बोलवत नाही म्हणाला आणि पुढे पाच मिनिटं बोलला. विश्वास, परंपरा, जुन्या यंत्रांचा मान. बेत्तियोल मान डोलवत होता. मेव्हणा म्हणाला, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"शर्यत बाद करा," मास्तर म्हणाले. "फळा काढून घ्या. कसं झालं ते मी विचारणार नाही. गाडी माझी होती, तपासायची मी होती."

ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांना कळलं होतं, आणि तरी ते माझं नाव घेत नव्हते. त्यावर माझं डोकं फिरलं. वाईट माणसं मला चालतात, मी त्यांच्यातलाच आहे. पण कोणी असं झाकायला लागलं की सहन होत नाही.

"मी बसवला," मी ओरडलो. "त्यांना न विचारता! त्यांनी बुधवारी नको म्हणून सांगितलं होतं. आणि आता पाचही जण क्रिस्टल काढा. बटण चालू ठेवा. खटका दाबा. चला, बघू दे परंपरा!"

कोणी हलेना. नोर्बेर्तो म्हणाला, "तुर्को, तू शब्द..." आणि तिथेच थांबला, कारण बाकीचे चार जण एकदम त्याच्याकडे वळले होते.

"कसला शब्द?" हिशेबनीस म्हणाला.

"जाऊ दे रे बाबांनो," पोचो म्हणाला. त्याने क्रिस्टल काढला, खटका दाबला. निळी गाडी पळत जाऊन कुंपणाला लागली.

"तू पण?" बेत्तियोल किंचाळला. पण? हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला परत घेता येईना.

मला वाटलं, आता लाज वाटेल यांना. मला माणसं कळत नाहीत. आधी ते एकमेकांवर भडकले, दोन मिनिटं. मग पोचो हसायला लागला. मग सगळे. चार महिने प्रत्येक जण एकटाच पापी होता, आता पाच जण होते, आणि पाच जण म्हणजे बहुमत. मिठ्या मारल्या. सॉसेज मागवले, माते म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा फिरला. कोणाचा रेडिओ किती ताकदीचा यावर चर्चा सुरू झाली. त्या गोंधळात मास्तर गाडी उचलून कधी गेले, ते कोणी पाहिलं नाही.

गुरुवारपर्यंत नवा नियम आला. सही तेवढीच मोठी. जुन्या गाड्यांच्या चषकात यापुढे नवे रेडिओ चालतील. किंबहुना, सुरक्षिततेच्या कारणास्तव, जुन्या वाटांवरचे रेडिओ बंद. चषकाला मास्तर ओविदिओ सानाब्रिया यांचं नाव. फळा वार्निश लावून क्लबाच्या भिंतीवर, चिमट्यांसकट, आठवण म्हणून. ज्याच्या नावाची शर्यत, त्याचा रेडिओ तेवढा तिथे चालत नाही, हे मी नोर्बेर्तोला दाखवून दिलं. तो म्हणाला, "मास्तरांना स्वतः चालवायची गरज काय? आता ते चषक आहेत."

मास्तर त्या गुरुवारीच आले. गाडी आणि रिमोट काउंटरवर ठेवले.

"तुझं काढ. माझं घाल."

खणातून फडकं काढलं. ते उभे राहून बघत होते, मी गाठी मारत होतो. एक गाठ त्यांनी सोडायला लावली आणि पुन्हा मारायला लावली.

"कुठे चालवणार आता?" मी विचारलं.

"ते माझं मी बघतो." मग म्हणाले, "रविवारी तुझं तोंड उघडलं. बुधवारी का नाही उघडलं?"

मला उत्तर होतं. घाबरलो. ते मी दिलं नाही, कारण त्यांना ते माहीत होतं.

"कागद घे," मास्तर म्हणाले. "रेल्वेत काही घडलं की लिहून द्यायला लागायचं. लिही. तारीख घाल. रेडिओ तपासला, निर्दोष आढळला. चालवणाऱ्याचा हात निर्दोष आढळला. बिघाड बाहेरच्या रेडिओंमुळे. तपासणाऱ्याने बुधवारी खोटं सांगितलं. पूर्ण नाव लिही, तुर्को नको. सही कर."

लिहिलं. खोटं सांगितलं, याच्या पुढे 'नाइलाजाने' घालावं असं मनात आलं. त्यांची नजर कागदावरच होती. नाही घातलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला.

"हा कोणाला दाखवणार, मास्तर? क्लबात आता कोणी वाचणार नाही."

"क्लबाला कशाला?" ते म्हणाले. "देल्मिराला. माझा हात थरथरतो असं सगळ्या गावाने तिला सांगितलंय. चार महिने झाले, बायको मला माते चहाच्या पेल्यात कढत पाणी ओतू देत नाही. पन्नास वर्षं आमच्या घरी मी ओततो."